आत्मचरित्रातला 'मी' कोणत्या वर्गात बसतो?

मराठीतला 'वर्ग' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. शाळेत मुले ज्या खोलीत बसतात तोही वर्ग आणि समाजाच्या ज्या थरात माणसे जन्माला येतात तोही वर्गच. इंग्रजीतही 'क्लास' हा एकच शब्द ही दोन्ही कामे करतो. हा निव्वळ योगायोग नसावा, असे इंग्रजी आत्मचरित्रे वाचताना मला वारंवार वाटत आले आहे. कारण तिथे माणूस कोणत्या शाळेच्या वर्गात बसला यावरून तो समाजातल्या कोणत्या वर्गाचा हे ओळखले जाते, आणि या दोहोंवरून त्याच्या आत्मचरित्राचा घाट ठरतो. इतकेच नव्हे, तर 'मी' म्हणण्याचा धीर त्याला होतो की नाही, हेसुद्धा पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मला हाच मुद्दा मांडायचा आहे.

मी बी. ए. ला इंग्रजी हा मुख्य विषय घेतलेली विद्यार्थिनी आहे. आत्मचरित्राची व्याख्या लिहा, असा प्रश्न आला की आम्ही सगळ्याजणी ठरलेले उत्तर लिहितो : आत्मचरित्र म्हणजे मनाचा आरसा, आत्मचरित्र म्हणजे प्रांजळ निवेदन, आत्मचरित्रात माणूस आपले अंतरंग उघडे करतो. हे खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु आरसा कोणाच्या घरात आहे, तो विकत घेण्याची ऐपत कोणाची आहे आणि त्यात डोकावायला कोणाला सवड आहे, हे प्रश्न त्या उत्तरात कधीच येत नाहीत. ते यावेत, एवढीच माझी मागणी आहे.

इंग्लंडमधल्या शाळांची थोडी माहिती प्रथम करून घेतली पाहिजे. तिकडच्या 'पब्लिक स्कूल' या नावाने आपली हमखास फसगत होते. पब्लिक म्हणजे सार्वजनिक, तेव्हा आपल्याकडच्या सरकारी शाळेसारखी ती शाळा असेल अशी आपली समजूत होते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. ईटन, हॅरो, विंचेस्टर या भरमसाट फी घेणाऱ्या खाजगी निवासी शाळा होत. गंमत अशी की त्यांचा जन्म मात्र दानधर्मातून झाला. विंचेस्टरची स्थापना १३८२ सालची, ईटनची १४४० सालची. दोन्ही ठिकाणी संस्थापकांनी प्रत्येकी सत्तर गरजू विद्यार्थ्यांची सोय केली होती. हॅरोची सनद १५७२ सालची, आणि तिचा हेतू गावातल्या मुलांना विनामूल्य शिकवणे हा होता. पुढे श्रीमंतांची मुले फी भरून आत आली आणि ज्यांच्यासाठी घर बांधले तेच ओसरीवर उरले. आजही इंग्लंडमध्ये खाजगी शाळांत शिकणारी मुले शंभरात सहा-सात एवढीच आहेत, आणि तरीही एकट्या ईटनने त्या देशाला वीस पंतप्रधान दिले आहेत. शाळेचे नाव तिथे आडनावासारखे जन्मभर चिकटून राहते ते यामुळे.

आता या शाळांतून गेलेल्या माणसांनी आपल्याविषयी काय लिहिले ते पाहू. ते पाहताना मी एकच कसोटी लावणार आहे : शाळेतले अपयश किंवा अपमान लेखक कसा सांगतो? यशाची कथा सगळेच एका सुरात सांगतात. माणसाची पायरी कळते ती अपयशाच्या कथेत.

पहिले उदाहरण विन्स्टन चर्चिल यांचे. 'माय अर्ली लाइफ' हे त्यांचे पुस्तक १९३० साली निघाले. हॅरोच्या प्रवेशपरीक्षेत लॅटिनच्या उत्तरपत्रिकेवर आपण स्वतःचे नाव, प्रश्नाचा आकडा आणि शाईचा डाग यांपलीकडे काही लिहू शकलो नाही, असे ते खुशीत सांगतात. तरी प्रवेश मिळाला! पुढे सर्वांत खालच्या तुकडीत ते इतरांपेक्षा कितीतरी अधिक काळ रेंगाळले. परंतु त्यामुळेच आपले इंग्रजी पक्के झाले, असे म्हणून त्या अपयशाचाही त्यांनी फायदा करून दाखवला आहे. पुढे १८९६ साली ते पलटणीबरोबर आपल्या या कर्नाटकातल्याच बंगलोरला आले, आणि तिथे दुपारच्या उन्हाच्या वेळी आईने विलायतेहून पाठवलेले गिबन आणि मेकॉले यांचे ग्रंथ वाचून त्यांनी राहिलेले शिक्षण भरून काढले. हे सारे वाचताना हसू येते, लेखक आवडूही लागतो. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. हा मुलगा मार्लबरोच्या ड्यूकचा नातू होता आणि त्याचे वडील ब्रिटनचे अर्थमंत्री होऊन गेले होते. कोरी उत्तरपत्रिका देऊनही ज्याला दार उघडते, त्याला ती गोष्ट पुढे विनोद म्हणून सांगता येते. ज्याला त्या एका उत्तरपत्रिकेमुळे दार बंद झाले असते, त्याने ती विनोद म्हणून सांगितली नसती; किंबहुना त्याने आत्मचरित्रच लिहिले नसते.

दुसरे उदाहरण कादंबरीकार अँथनी ट्रोलोप यांचे. जन्म १८१५ चा. आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ साली प्रसिद्ध झाले. वडील बॅरिस्टर खरे, पण वकिली चालेना, शेतीत पैसा बुडाला आणि कर्ज वाढत गेले. हॅरोच्या आसपास राहणाऱ्या मुलांना जवळजवळ फुकट शिकता येते, म्हणून त्यांनी मुलाला तिथे घातले. म्हणजे संस्थापकाच्या मूळ हेतूप्रमाणे पाहिले तर ट्रोलोप हाच त्या शाळेचा खरा धनी! पण घरून चिखल तुडवत येणारा हा मुलगा वसतिगृहातल्या श्रीमंत मुलांच्या लेखी भिकारी ठरला. मुख्याध्यापकांनी त्याला रस्त्यात थांबवून, इतका गलिच्छ मुलगा आपल्या शाळेचा कसा असू शकेल, असे विचारल्याची आठवण ट्रोलोप साठीतही विसरले नव्हते. मधल्या काळात ते विंचेस्टरला होते. तिथे वडिलांकडून पैसे येईनात, तेव्हा या मुलाला उधार देऊ नये असे दुकानदारांना कळवण्यात आले, आणि ते सगळ्या मुलांना समजले.

या माणसाने आत्मचरित्राच्या शेवटी आपल्या पुस्तकांची यादी देऊन प्रत्येक पुस्तकाचे किती पैसे मिळाले ते मांडले आहे. एकूण बेरीज एकोणसत्तर हजार पौंडांच्या घरात जाते. लेखनाला असा वाण्याचा हिशेब लावलेला पाहून पुष्कळ रसिकांनी नाके मुरडली. मला मात्र ते पान पुस्तकातले सर्वांत प्रांजळ पान वाटते. दुकानदाराने ज्याला सगळ्यांदेखत उधार नाकारले, त्या मुलाने साठ वर्षांच्या वयात मांडलेला तो जमाखर्च आहे. आणि तरीही, काही जागा 'जंटलमन' माणसांसाठीच असाव्यात, असे हेच ट्रोलोप त्याच पुस्तकात बजावतात, आणि जंटलमन म्हणजे कोण याची व्याख्या करायचे मात्र टाळतात. ज्या उंबऱ्यावर आपण अपमान सोसला तो उंबरा मोडावा असे त्यांना वाटत नाही. आपण त्याच्या आत होतो हे जगाने मान्य करावे, एवढीच त्यांची इच्छा. शाळा माणसाला किती खोलवर घडवते याचा याहून बोलका पुरावा कोणता?

तिसरे उदाहरण जॉर्ज ऑरवेल यांचे. त्यांचा जन्म १९०३ साली बिहारमध्ये मोतिहारीला झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. आठव्या वर्षी त्यांना ईस्टबोर्न येथील सेंट सिप्रियन्स या निवासी शाळेत घातले. ही शाळा मुलांना ईटनसारख्या मोठ्या शाळांसाठी तयार करीत असे. ऑरवेल यांना तिथे निम्म्या फीवर घेतले होते. मुलगा हुशार आहे, शिष्यवृत्ती मिळवील आणि शाळेचे नाव होईल, असा तो व्यवहार होता. त्या दिवसांवर त्यांनी 'सच, सच वेअर द जॉइज' हा दीर्घ निबंध लिहिला. बदनामीच्या खटल्याच्या भीतीने तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १९५० साली ते वारले. १९५२ साली तो अमेरिकेत निघाला आणि खुद्द ब्रिटनमध्ये छापला जायला १९६८ साल उजाडले. सरदार-जमीनदारांच्या मुलांना छडी बसत नसे, निम्म्या फीच्या मुलाला मात्र आपण कोणाच्या उपकारावर जगतो याची आठवण करून दिली जाई, हे त्या निबंधाचे मर्म आहे. त्याच शाळेत, त्याच काळात सिरिल कॉनली हे पुढे टीकाकार म्हणून गाजलेले गृहस्थही शिकत होते. 'एनिमीज ऑफ प्रॉमिस' या १९३८ च्या पुस्तकात त्यांनीही त्या शाळेवर लिहिले, तेही टीका करीतच. पण त्यांचा सूर पुष्कळ हलका आहे, त्यात थट्टा आहे आणि थोडी मायाही आहे.

ऑरवेल यांच्या निबंधातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर तू वर्षाला चाळीस पौंडांवर राबणारा कचेरीतला पोऱ्या होशील, असा धाक त्यांना घातला जाई. तेवढ्याने त्या मुलाची झोप उडे. यातले दुःख खरे आहे, त्याविषयी शंका नाही. पण त्याच काळात इंग्लंडमधल्या हजारो कामगारांच्या घरी आपला मुलगा कचेरीत लागला असता तर आईबापांनी देवाचे आभार मानले असते. एकाला ज्या नरकाची भीती घातली जात होती, तो दुसऱ्याचा स्वर्ग होता. ऑरवेल हे स्वतः जाणून होते, म्हणूनच पुढे ते खाणकामगारांच्या वस्तीत जाऊन राहिले आणि 'द रोड टु विगन पिअर' हे पुस्तक १९३७ साली लिहू शकले. परंतु आमच्यासारख्या दूरच्या वाचकाला हे सांगावे लागते. नाहीतर तो निबंध वाचून आपण समजतो की इंग्लंडमधल्या सगळ्या मुलांचे बालपण वसतिगृहाच्या थंड खोल्यांतच गेले.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९४० साली ब्रायटन येथे कामगारांच्या शिक्षणसंस्थेपुढे एक व्याख्यान दिले होते. इंग्रजी लेखक हा जणू एका उंच मनोऱ्यावर बसून जग पाहतो. तो मनोरा आईबापांच्या सुस्थितीवर आणि महागड्या शिक्षणावर उभा असतो. आणि १९१४ च्या महायुद्धानंतर तो मनोरा कलू लागला, तेव्हा वर बसलेल्यांना प्रथमच स्वतःची जाणीव झाली व ते स्वतःविषयी मोकळेपणाने लिहू लागले, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. हे बोलणाऱ्या बाईंना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते. भाऊ केंब्रिजला गेले, बहिणी वडिलांच्या ग्रंथसंग्रहात शिकल्या. म्हणजे मनोरा त्यांनी आतून पाहिला होता, पण जिन्यावरून वर जाण्याचा हक्क त्यांना नव्हता. म्हणूनच कदाचित त्यांना तो कललेला नीट दिसला.

येथवर मनोऱ्यावरच्या माणसांचे झाले. आता खाली उतरू.

गरीब इंग्रज माणसांनीही आत्मचरित्रे लिहिली आहेत, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सहसा ठाऊक नसते. डेव्हिड व्हिन्सेंट या इतिहासकाराने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातल्या कामगारांच्या १४२ आत्मकथनांचा अभ्यास केला आहे. त्या ग्रंथाला त्याने जे नाव दिले ते विल्यम लव्हेट या सुतारकाम करणाऱ्या चळवळ्याच्या १८७६ सालच्या आत्मचरित्राच्या शीर्षकातून घेतले आहे : भाकरी, ज्ञान आणि स्वातंत्र्य. भाकरीच्या शेजारी ज्ञान! चर्चिल यांना हे दोन शब्द शेजारी मांडण्याचे कारणच पडले नसते.

थॉमस कूपर यांचे आत्मचरित्र १८७२ चे. हा मुलगा जोडे शिवत असे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, भूमिती, आणि मिल्टन व शेक्सपिअर तोंडपाठ, हे सगळे चोविसाव्या वर्षापर्यंत साधायचे, असा त्याने बेत आखला. पहाटे तीन-चारला उठून वाचायचे, दिवसभर आरी-टोचा चालवायचा, रात्री पुन्हा वाचायचे. बाविसाव्या वर्षी प्रकृती पार ढासळली आणि त्याने अंथरूण धरले. चर्चिल यांना लॅटिन येत नव्हते ही मौज, आणि कूपरला ते हवे होते म्हणून त्याने अंथरूण धरले! एकाच भाषेची, एकाच देशातली ही दोन प्रकरणे शेजारीशेजारी ठेवून वाचावीत, म्हणजे 'वर्ग' या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम कळतात.

इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षण सर्वदूर नेणारा कायदा १८७० साली झाला, १८८० साली शाळेत जाणे सक्तीचे झाले, १८९१ साली ते बहुतांशी मोफत झाले. त्या शाळांतून शिकलेल्या मुलींपैकी एक म्हणजे फ्लोरा थॉम्प्सन. ऑक्सफर्डशायरमधल्या एका लहानशा खेड्यातल्या गवंड्याची ती मुलगी. दीड मैल चालत शाळेला जायचे. तिथे पाद्रीबाबा येऊन देवाने ज्याला जिथे ठेवले तिथे त्याने समाधान मानावे हे शिकवणार. चौदाव्या वर्षी ती पोस्टात नोकरीला लागली. साठी उलटल्यावर, १९३९ साली, 'लार्क राइज' हे तिचे पुस्तक निघाले. ते तिच्याच बालपणाचे आहे, पण त्यात 'मी' नाही. तिथे 'लॉरा' नावाची एक मुलगी आहे, आणि तिच्याभोवती सगळे गाव आहे. गवंड्याच्या मुलीने 'मी' म्हणून पुस्तकभर बोलावे, याची सवय ना त्या समाजाला होती ना तिला स्वतःला, असे मला वाटते. मोठ्या शाळेतून आलेला लेखक पहिल्या ओळीपासून 'मी' म्हणतो. कारण लहानपणापासून त्याच्या नावाची नोंद कुठेतरी होत आलेली असते. गरिबाच्या लेखणीत मात्र आधी 'आम्ही' येते : आमची आळी, आमची खाण, आमची माणसे. 'मी' यायला फार वेळ लागतो.

मार्गारेट पॉवेल यांची हकिगत तर आपल्या घरातली वाटावी अशी आहे. तेराव्या वर्षी त्यांना पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली. शिक्षिका व्हायचे मनात होते. पण मुलीला आणखी चार-पाच वर्षे पोसण्याची आईबापांची ऐपत नव्हती. शाळा सुटली आणि पंधराव्या वर्षी त्या मोठ्या घरात स्वयंपाकघरातली मोलकरीण झाल्या. वर्तमानपत्र हातात दिले म्हणून मालकिणीने त्यांना झापले. नोकराने वस्तू चांदीच्या तबकात ठेवून पुढे करायची असते! एकदा त्यांनी वाचायला पुस्तक मागितले तेव्हा मालकीण पुस्तक द्यायला तयार झाली, पण ही मुलगी वाचते याचेच तिला नवल वाटले. 'बिलो स्टेअर्स' हे त्यांचे पुस्तक १९६८ साली निघाले. साठीच्या आसपास त्यांनी शाळेच्या राहून गेलेल्या परीक्षाही दिल्या. या पुस्तकात शाळेला फार थोडी पाने आहेत. जी शाळा मिळालीच नाही तिच्यावर पाने कशी भरायची? पण पुस्तकभर तिची सावली पडलेली आहे.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट रॉबर्ट रॉबर्ट्स यांनी 'द क्लासिक स्लम' या १९७१ च्या पुस्तकात नोंदवली आहे. ते सॅलफर्डच्या गलिच्छ वस्तीत, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात वाढले. त्या वस्तीतली पोरे 'मॅग्नेट' या साप्ताहिकातल्या ग्रेफ्रायर्स नावाच्या काल्पनिक पब्लिक स्कूलच्या गोष्टी अधाशासारख्या वाचत. ज्या शाळेच्या फाटकातून आपल्याला कधी आत सोडणार नाहीत, तिथले शब्द, तिथला मानापमान, तिथली खिलाडूवृत्ती ही पोरे आपल्या बोळात गिरवत. खऱ्या शाळेपेक्षा ही छापील शाळा त्यांना अधिक खरी वाटे. त्या गोष्टींत भाणीपूरचा नवाब म्हणून एक हिंदी मुलगाही आहे, आणि त्याचे मोडकेतोडके अलंकारिक इंग्रजी हा विनोदाचा विषय आहे. ज्यांचे इंग्रजी लहानपणापासून घरात ऐकलेले नाही, अशा आपण सर्वांनी ते पात्र एकदा तरी पाहून ठेवावे.

आता आपल्याला सर्वांत जवळचा लेखक. रिचर्ड हॉगार्ट हे लीड्सच्या कामगारवस्तीत, आईबाप गेल्यावर आजीच्या घरी वाढले आणि शिष्यवृत्त्यांवर शिकून प्राध्यापक झाले. 'द यूजेस ऑफ लिटरसी' या १९५७ च्या पुस्तकात त्यांनी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाचे चित्र काढले आहे. घरात एकच ऊबदार खोली. तिथे आई इस्त्री करते आहे, रेडिओ चालू आहे, कोणी येते कोणी जाते, आणि हा मुलगा टेबलाच्या एका कोपऱ्यावर मान खाली घालून अभ्यास करतो आहे. घरचे त्याला जपतात, त्याच्यासाठी आवाज कमी करतात. आणि नेमके त्यामुळेच तो त्यांच्यातून उठत जातो. शाळेत तो एका बोलीत बोलतो, घरी दुसऱ्या. पुढे तो कुठलाच राहत नाही. चर्चिल यांच्या पुस्तकात शाळा ही घराचाच पुढचा दिवाणखाना आहे. ट्रोलोप आणि ऑरवेल यांच्या पुस्तकांत ती जखम आहे. पॉवेल यांच्या पुस्तकात ती बंद दार आहे. आणि हॉगार्ट यांच्याकडे ती पूल आहे, पण असा पूल की पलीकडे गेल्यावर मागचा काठ दूर दूर जात राहतो.

यावर कोणी आक्षेप घेईल की, हे सगळे वर्गावर ढकलणे बरे नव्हे. माणसाची प्रतिभा, त्याचा स्वभाव यांना काही किंमत आहे की नाही? आहे, निश्चित आहे. एकाच शाळेतून ऑरवेल आणि कॉनली असे दोन वेगळे सूर निघाले, हा त्याचाच दाखला होय. शाळा आणि वर्ग मिळून आत्मचरित्राची अनुक्रमणिका ठरवतात. प्रकरणे ज्याची त्याने लिहायची असतात, असे मी म्हणेन. मात्र अनुक्रमणिका आपली आपण केली, असा भ्रम लेखकाला होऊ नये आणि वाचकाला तर मुळीच होऊ नये.

हा प्रश्न आपल्याकडचा नाही असेही कोणी समजू नये. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यात शिकून शहरात स्थिरावलेला दया पवार आणि गावाकडचा दगडू मारुती पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर येतात. दगडू सांगतो आणि दया ऐकतो. फ्लोरा थॉम्प्सनने स्वतःला 'लॉरा' केले, तसाच हा प्रकार आहे. शिक्षणाने माणूस दुभंगतो तेव्हा त्याला सरळ 'मी' म्हणता येत नाही, हे सॅलफर्ड, लीड्स आणि महाराष्ट्र इथे सारखेच दिसते. अर्थात जातीचे ओझे इंग्लंडच्या वर्गापेक्षा किती जड आहे हे वेगळे सांगायला नको. आपल्या अंकाच्या कानडी विभागातल्या मित्रांना अरविंद मालगत्ती यांच्या १९९४ च्या 'गव्हर्न्मेंट ब्राह्मण' या आत्मकथनाची आठवण होईल. त्या नावातच शाळा, सवलत आणि उपहास एकत्र आले आहेत.

हे सारे इथे लिहिण्याचे कारण आपले महाविद्यालय हेच आहे. खानापूर, चंदगड, हुक्केरी इकडून एस. टी. ने येणारी आपल्यातली कितीतरी मुले-मुली घरातली पहिलीच कॉलेजात आलेली आहेत. घरात मराठी किंवा कानडी, बाजारात दोन्ही, आणि वर्गात इंग्रजी. वार्षिकांकासाठी स्वतःविषयी काही लिहा, असे त्यांना म्हटले की उत्तर ठरलेले : "आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय आहे?" आणि जी लिहितात त्यांच्या लेखात कुठून तरी परसातली बाग, आजोबांची आरामखुर्ची आणि पावसाळ्याची पहिली सर येते, भल्या पहाटे भाकऱ्या थापून कॉलेज गाठणारी मुलगी येत नाही, फीच्या पैशासाठी विकलेली शेळी येत नाही. सॅलफर्डच्या पोरांनी ग्रेफ्रायर्स गिरवावे, तसे आपण दुसऱ्याचे बालपण गिरवतो. 'लिहिण्यासारखे काही नाही' ही नम्रता नव्हे. ती आपल्याला कोणीतरी शिकवलेली गोष्ट आहे, आणि पाद्रीबाबाने खेड्यातल्या मुलांना शिकवलेल्या समाधानासारखीच ती घातक आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. इंग्रजी आत्मचरित्र शिकताना चर्चिल आणि ऑरवेल जरूर वाचावेत, पण त्यांच्या शेजारी कूपर, पॉवेल आणि हॉगार्ट ठेवावेत. ग्रंथालयात ही पुस्तके नसतील तर मागणी नोंदवावी. आणि कोणतेही आत्मचरित्र हातात घेतले की तीन प्रश्न विचारावेत : याची फी कोणी भरली? याच्या घरी स्वयंपाक कोण करत होते? आणि हा 'मी' म्हणतो तेव्हा त्याच्यामागे कितीजण गप्प उभे आहेत?

चौथा प्रश्न स्वतःला विचारायचा आहे. आपल्यामागे जी माणसे गप्प उभी आहेत, त्यांच्यासाठी आपण लेखणी केव्हा उचलणार? पुढच्या वार्षिकांकात त्याचे उत्तर मराठीत यावे, कानडीत यावे. व्याकरणाच्या चुका असल्या तरी चालतील. आरामखुर्ची मात्र आपल्या घरात असेल तरच लिहावी.